तर्जनीचा स्नायू

प्रिय मुंगी,

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: आई गेली त्या महिन्यात तिच्या गोळ्यांची बाटली रोज तिच्या ताटाशेजारीच होती. तू हे नऊ वर्षांपूर्वी एका वाक्यात सांगितले होतेस. मला त्याला काही पाने लागतील, कारण ते विधान मी खोटे ठरवले होते, आणि खोटे ठरवलेले पुन्हा खरे करायला जागा जास्त लागते. पत्र मधेच फाडावेसे वाटले तर फाड. फक्त शेवटचे पान आधी वाचू नकोस. लहानपणी तू गोष्टीचे शेवटचे पान आधी उघडायचीस आणि मी तुझ्या हातातून पुस्तक काढून घ्यायचो. आता तसे करता येत नाही, म्हणून विनंती करतो.

अक्षर थरथरते आणि उताराला लागलेले दिसेल. त्याबद्दल क्षमा मागत नाही. ते पुराव्याचाच भाग आहे. चार महिन्यांपूर्वी वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना मी घसरलो आणि उजव्या मनगटाला तडा गेला. हाड जागचे हलले नव्हते. तुझ्या वहिनीने दवाखान्यातच मला ऐकवले, "छत्तीस वर्षं पोरांना एकही पायरी न गाळता विचार करायला शिकवलंत, आणि स्वतः उतरताना एक गाळलीत." पाच आठवड्यांनी प्लास्टर निघाले आणि मनगट बरे झाले असे आम्ही सर्वानुमते ठरवून टाकले. त्यानंतर एका सकाळी शर्टाचे बटण लावताना उजवा अंगठा वर येईना. काही दुखले नाही, आवाज झाला नाही. हाक ऐकू येऊनही न उठणाऱ्या माणसासारखा तो तळहाताच्या कडेला पडून राहिला.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना मी कारण विचारले. कारण विचारल्याशिवाय मी कोणाला सोडत नाही, हे तुला सांगायला नको. विद्यार्थी मला पाठीमागे 'म्हणून सर' म्हणत आणि ते नाव कॉलेजातून घरी तूच आणलेस. डॉक्टरांनी माझ्याच कागदपत्रांच्या पाठीवर आकृती काढली. अंगठा वर उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, मनगटाच्या मागे हाडाच्या एका लहान उंचवट्याला वळसा घालून जाते. तडा गेलेल्या हाडापाशी ती आठवडेच्या आठवडे झिजते, आणि आता सगळे ठीक आहे असे वाटू लागले की एके दिवशी तुटते. हाड सरकले नसेल तर कोणाला शंकाही येत नाही. दुखत नसल्यामुळे म्हातारी माणसे ते सांगतच नाहीत, असे ते म्हणाले. "वय झालं म्हणतात, आणि एका हातानं भागवतात." हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकून घेतले.

झिजून तुटलेली टोके एकमेकांना शिवता येत नाहीत. दुसरीकडून दोरी आणावी लागते. ती कुठून आणतात हे तुला, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात रोज दोऱ्याशी काम असलेल्या बाईला, पटकन समजेल. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात, मागच्या बाजूला, अगदी खालच्या थरात एक चिंचोळा स्नायू आहे. तू पुस्तकाच्या पाठीत जी खुणेची फीत चिकटवतेस तिच्यापेक्षा तो फारसा रुंद नसावा. चारही बोटे उचलणारा एक सामाईक स्नायू त्याच्या वर असतोच. तरीही तर्जनीला हा एक वेगळा, खासगी दिलेला आहे. बाकीची बोटे मिटलेली असताना तर्जनी एकटी ताठ उभी राहते ती मुख्यतः याच्या जोरावर. थोडक्यात, बोट दाखवण्यासाठी माणसाच्या हातात एक स्वतंत्र नोकर ठेवलेला आहे. तर्जन म्हणजे दटावणे, धाक घालणे. तर्जनी हे नाव त्यावरूनच पडले. डॉक्टरांनी या स्नायूची कंडरा तर्जनीच्या मुळाशी कापली, मनगटापर्यंत मागे ओढून घेतली आणि अंगठ्याच्या उरलेल्या टोकात विणून टाकली. तर्जनी सामाईक स्नायूवर भागवते. नोकर अंगठ्याकडे कामाला लागला.

मात्र नोकराला हे कोणी सांगितलेले नसते. चार आठवडे पट्टीत काढल्यावर मला व्यायामासाठी रुग्णालयाच्या तळघरात पाठवले. लांब टेबल, त्यावर कपड्यांचे चिमटे, मातीचे गोळे, रबरबँड, निरनिराळ्या तोंडांच्या रिकाम्या बरण्या. तिथली फिजिओ तिशीतली आहे. तिने मला "आजोबा" म्हटले. आपले असे काही नाते नाही, असे मी सांगितले. "बरं, सर," ती म्हणाली, "आता तो नात्यात नसलेला अंगठा उचला बघू." तो उचलला गेला नाही. मी त्याच्याकडे रोखून पाहत राहिलो. तिने माझ्या मनगटावर बोट ठेवले आणि म्हणाली, "त्याला हुकूम सोडून उपयोग नाही, सर. त्याचा मालक बदललाय. बोट दाखवायचा विचार करा, अंगठा मागोमाग येईल." वीस वेळा, दिवसातून चारदा, असे तिने लिहून दिले. मी घड्याळाकडे बोट दाखवण्याचा विचार केला, दाराकडे केला, भिंतीवरच्या सूचनेकडे केला. तर्जनी जराशी हलायची, अंगठा ढिम्म. आठव्या दिवशी ती वैतागली. "अहो, असं पत्ता सांगितल्यासारखं काय दाखवताय! कुणावर तरी चिडून दाखवा. आयुष्यात कुणाकडे बोट दाखवलंच नाहीत की काय?"

मुंगी, अंगठा त्या क्षणी उठला. टेबलापासून चांगला दोन बोटे वर. ती टाळ्या वाजवू लागली. शेजारी मातीचा गोळा दाबत बसलेल्या बाईंनीही वाजवल्या. "कुणाकडे दाखवलंत?" मी म्हणालो, खिडकीकडे. त्या तळघराला खिडकी नाही. तिने एकदा भिंतीकडे पाहिले आणि पुढचा व्यायाम सांगितला.

मी तुझ्याकडे दाखवले होते. नऊ वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतर, भांड्यांच्या कपाटाला पाठ टेकून तू उभी होतीस तशी. तुझ्या नखांच्या कडेला कारखान्यातली खळ वाळून पांढरी झाली होती आणि तू ती अंगठ्याने खरवडत होतीस. एवढे डोळ्यांसमोर आणले की अंगठा उठे. न आणले तर पडून राही. पुढचे पंधरा दिवस, रोज ऐंशी वेळा, मला अंगठा उचलायला तू लागलीस. कपाट, खळ, तुझी खाली गेलेली मान, आणि अंगठा वर. मनुष्य आपलाच युक्तिवाद बाराशे वेळा ऐकतो तेव्हा त्यातली जी जागा पहिल्यांदा घाईने ओलांडली होती ती त्याला दिसू लागते.

तो युक्तिवाद जसाच्या तसा इथे उतरवतो, कारण तो मामा, आत्या आणि तुझी वहिनी यांच्यासमोर झाला होता आणि पुढे नात्यात तोच फिरला. आई जाऊन पाच दिवस झाले होते. औषधात खंड पडला होता, एवढे डॉक्टर बोलून गेले होते. मी तुझ्या घरी टेबलावर कोरा कागद पसरला आणि बाटलीतल्या गोळ्या त्यावर मोजल्या. तीस गोळ्यांची बाटली एक तारखेला उघडलेली. रोज दुपारच्या जेवणानंतर एक. आई चोवीस तारखेला सकाळी गेली. सात उरायला हव्या होत्या. अठरा होत्या. म्हणजे अकरा दिवस गोळी गेली नव्हती. मग मी म्हणालो: आई पूर्ण शुद्धीवर होती. गोळीवाचून आपण जगणार नाही हे तिला ठाऊक होते. अशा बाईच्या ताटाशेजारी बाटली असती तर तिने गोळी घेतली असती. तिने घेतलेली नाही. म्हणून बाटली तिथे नव्हती. म्हणून, सकाळी आठला कामावर जाणारी जी व्यक्ती ती ठेवून जात असे, तिने ती ठेवली नाही.

तू म्हणालीस, "दादा, बाटली तिथंच होती. मी आले की विचारायचे, आणि ती म्हणायची, घेतली गं." त्यावर मी बोट रोखले आणि म्हणालो की मग दोघींपैकी एक खोटे बोलते आहे, तू किंवा आई, कोण ते तूच सांग. तू मामाकडे पाहिलेस, आईच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलेस, आणि तोंड मिटलेस. त्या मौनाला मी कबुली म्हटले. मामा "अगं, काहीतरी बोल" म्हणत राहिला. आत्या डोळ्याला पदर लावून आत गेली. तुझी वहिनी जिन्यात मला म्हणाली, "एवढं बोलायची गरज होती का?" आणि मी तिला सांगितले की गरज हा भावनेचा प्रश्न आहे. ते मौन काय होते हे मला आता कळते. तुझ्यापुढे दोनच पर्याय ठेवले होते. त्यांतला आईला वाचवणारा तू निवडलास. पुढे नऊ वर्षे तो निभावलास.

वर मी एक गोष्ट गाळली आहे. अंगठा पडला तो दिवस आणि मी तो डॉक्टरांना दाखवला तो दिवस, यांत नऊ दिवसांचे अंतर होते. मलाही आता दुपारच्या जेवणानंतर हृदयाची एक गोळी असते. तशीच बाटली, तसेच दाबून फिरवायचे झाकण. पहिल्या दिवशी मी ती हातात घेतली. अंगठा बाजूला होत नाही, म्हणून झाकणाला वेढा पडत नाही. डाव्या हाताने फिरवू पाहिले तर उजव्यात बाटली ठरेना. ती घरंगळून टेबलाच्या कडेपर्यंत गेली. मी बराच वेळ खटपट केली. ताटातले गार झाले. मग मी बाटली उचलली आणि ताटाशेजारी, होती त्याच जागी, लेबल समोर येईल अशी ठेवली. आतून तुझ्या वहिनीने विचारले, "घेतलीत का गोळी?" आणि मी म्हणालो, "घेतली." दुसऱ्या दिवशीही म्हणालो. नऊ दिवस म्हणालो. झाकण उघडून दे, एवढे तीन शब्द मला दहा पावलांवर उभ्या असलेल्या बायकोला सांगता आले नाहीत. मला लाज वाटत होती. दुसरे कोणतेही कारण शोधून सापडत नाही. माझे नशीब असे की माझ्या बाटलीतल्या गोळ्या कोणी मोजत होते. दहाव्या दिवशी तिने ती उचलून कानाशी हलवली आणि माझ्या हाताकडे पाहिले.

तळघरात, बाराशेपैकी कितव्या तरी वेळी, या दोन बाटल्या मला शेजारीशेजारी दिसल्या. मी ज्याला पायरी समजलो होतो तिथे खड्डा होता. शुद्धीवर असलेली आणि जगू इच्छिणारी बाई गोळी घेतेच, हे खरे नाही. तिला झाकण उघडता यायला हवे. आईही पडली होती: न्हाणीघरात, उजवे मनगट, हाड न सरकलेला तडा, प्लास्टर. ते दोन तारखेला निघाले. प्लास्टर होते तोवर तू गोळी वाटीत काढून ठेवून जायचीस. निघाल्यावर "आता माझं मी करते, तू तुझी वेळ सांभाळ" असे म्हणून तिनेच ते बंद करायला लावले. डावा हात संधिवाताने कधीचाच मिटत आला होता. ती त्या टेबलाशी एकटी बसून काय करत असेल हे मला कल्पनेने शोधावे लागत नाही. मी ते केले आहे.

एवढ्याने शक्यता सिद्ध होते, घटना नव्हे. विद्यार्थ्याने इथे थांबून 'सिद्ध' असे लिहिले असते तर मी त्याचे गुण कापले असते. म्हणून पुरावा जोडतो. सोबत आईचे मला आलेले शेवटचे पत्र आहे, तारीख तेरा, वार शनिवार. अक्षर पाहा आणि माझ्या या अक्षराशी ताडून पाहा. दोन्ही ओळी सारख्याच खाली घसरतात. तिने लिहिले आहे: "परवापासून उजवा अंगठा रुसून बसलाय, उठायचं नाव नाही, तेव्हा अक्षर हे असंच गोड मानून घे. मुंगीला बोलू नकोस, ती उगाच काम सोडून घरी बसेल. असाच रुसून राहिला तर पुढच्या पत्रावर अंगठाच उठवून पाठवीन, म्हणजे तुझ्यासारख्या पंडिताची आई शोभेन." तेराच्या परवा म्हणजे अकरा. अकरापासून तेवीसपर्यंत दिवस तेरा. त्यांत रविवार दोन, चौदा आणि एकवीस; त्या दिवशी तू घरी होतीस, तू वाढलेस, तू गोळी काढून दिलीस. उरले अकरा. कागदावर अकराच गोळ्या जास्तीच्या होत्या. बाटली तिथेच होती, मुंगी. ती ताटाशेजारीच होती, आणि बंद होती.

तिच्या पत्राला मी उलट टपाली चार ओळींचे उत्तर पाठवले होते. अक्षर बिघडले की त्याचे खापर अवयवावर फोडणे ही पळवाट आहे, रोज एक पान शुद्धलेखन काढावे, असे त्यात होते. त्यानंतर तिचे पत्र आले नाही. मीच बरोबर होतो असे समजूनच मामा वारला. त्याच्यापुरती दुरुस्ती आता होत नाही. आत्याला या पत्राची नक्कल पाठवतो आहे. तुझ्या वहिनीला मी याचा कच्चा खर्डा काल दुपारी वाचून दाखवला. ती ऐकून उठली, तिने माझ्या बाटलीचे झाकण सैल करून ठेवले, आणि अजून ती माझ्याशी बोललेली नाही. हाताचे म्हणशील तर फिजिओच्या मते मी पास झालो आहे. आता अंगठा उचलायला तू लागत नाहीस. उलट मूठ मिटून एकट्या तर्जनीने कुठे दाखवू गेलो तर ती अर्धवट उठते आणि अंगठाच पुढे येतो. "आता तुम्ही सगळ्यांना नुसता अंगठाच दाखवणार," असे ती म्हणाली. मी हसलो असे तिला वाटले.

विधान सिद्ध झाले आहे. पण पत्र त्यासाठी लिहिले नाही. तेवढेच असते तर आईचे पत्र लिफाफ्यात घालून पाठवले असते आणि तुला तारखा मोजता येतात. आईचे वाक्य मी अलंकार समजलो, हे अज्ञान होते. अंगठा खरोखर असा पडतो हे मला माहीत नव्हते. त्याला मी चूक म्हणत नाही. चूक दुसरी आहे, एकच आहे, आणि ती मी कोणालाही, तुझ्या वहिनीलाही, काल वाचून दाखवीपर्यंत सांगितली नव्हती. ते पत्र त्या दिवशी माझ्या खिशात होते. आईचे शेवटचे म्हणून मी ते पाच दिवस जवळ बाळगत होतो आणि मला ते पाठ होते. 'ती म्हणायची, घेतली गं' असे तू म्हणालीस तेव्हा मला 'मुंगीला बोलू नकोस' ही ओळ आठवली. आई तुझ्यापासून काहीतरी लपवत होती, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते. माझा उजवा हात खिशापर्यंत गेला. पत्र बाहेर काढले असते तर माझा युक्तिवाद मोडला असता, आणि तो फार नीट जमून आला होता. म्हणून मी हात रिकामाच वर घेतला आणि बोट दाखवले. हे मी लिहून, वाचून, मान्य करून सही करतो. सहीशेजारी जो निळा डाग दिसेल तो माझा उजवा अंगठा आहे. आईचे एक पत्र यायचे राहिले होते.

तुझाच,
दादा